वादळात लाईट गेली तर फिशटँक कसा जगवायचा

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आलं आणि रायगड, दापोली, मंडणगडच्या बऱ्याच गावांत पुढचे कित्येक दिवस, काही ठिकाणी आठवडे, लाईट नव्हती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला समांतर वर सरकलं. जमिनीवर चढलं ते गुजरातेत, पण सिंधुदुर्ग-रत्नागिरीतले विजेचे खांब जाता जाता आडवे करून गेलं. त्यामुळे किनारपट्टीत टँक ठेवणाऱ्याने 'तासाभरात येईल' हे गृहीत धरू नये. तयारी सलग तीन दिवसांची हवी, आणि तीनाचे पंधरा झाले तर काय करायचं हेही आधी ठरलेलं हवं.

अशा वेळी टँकमधले मासे दोनदा मरतात. एकदा पहिल्याच रात्री, पाणी हलायचं थांबून ऑक्सिजन संपतो तेव्हा. दुसऱ्यांदा लाईट आल्यावर, बंद फिल्टरमध्ये सडलेलं पाणी बटण दाबताच टँकमध्ये येतं तेव्हा. पहिल्याची धास्ती सगळ्यांनाच असते. दुसरं मरण बेसावध गाठतं, कारण तोवर पंखा फिरायला लागलेला असतो आणि घरातले दोन रात्रींची झोप काढत असतात.

आधी ऑक्सिजनचा हिशेब

घरोघरी असतो तो २ × १ × १ फुटाचा टँक घेऊ. एक घनफूट म्हणजे २८ लिटर, म्हणजे टँक ५६ लिटरचा. खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी धरा ५० लिटर. २८ अंश तापमानाला गोडं पाणी लिटरमागे जास्तीत जास्त ७.८ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरतं. म्हणजे अख्ख्या टँकची शिल्लक सुमारे ३९० मिलिग्रॅम. सगळे मासे मिळून वजन १०० ग्रॅम असेल, तर शांत बसूनही ते तासाला साधारण २० ते ३० मिलिग्रॅम खर्च करतात. लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली गेलं की बहुतेक मासे धापा टाकायला लागतात. कागदावर हे आठ-बारा तास झाले.

प्रत्यक्षात एवढा वेळ मिळेलच असं नाही. पाण्याचा पृष्ठभाग शांत असला तरी थोडी हवा विरघळत राहते, हे खरं. पण फिल्टरमधले जिवाणू, खडीत अडकलेली घाण आणि काळोखात पाणवनस्पतीसुद्धा याच शिलकीवर हात मारतात. दाटी केलेल्या टँकमध्ये चार-पाच तासांत मासे वर दिसायला लागतात. त्यात मे महिन्याचं ३२ अंशांचं पाणी असेल तर मुळात भांडवलच ७.३ चं असतं आणि माशांची ऑक्सिजनची भूक मात्र वाढलेली.

कोण किती टिकेल हेही माहीत हवं. फायटर आणि गुरामी पृष्ठभागावर येऊन हवा घेतात. त्यांना फक्त पाणी आणि झाकण यांच्यामध्ये दोन इंच जागा लागते. सकर आणि कोरीडोरा अडचणीत वर येऊन हवेचा घोट घेऊन जातात. फ्लॉवरहॉर्न, सिल्व्हर शार्क, डिस्कस हे आधी कोसळतात. एकाच टँकमध्ये लहानमोठे मासे असतील तर सहसा मोठे आधी जातात. तेव्हा रात्री बॅटरी मारून बघायचं ते सगळ्यात मोठ्या माशाकडे. तो पृष्ठभागाशी तोंड उघडून उभा असेल आणि कल्ले भराभर हलत असतील, तर उशीर व्हायला लागला आहे. (बॅटरीचा झोत थेट काचेवर मारू नका. काळोखात दचकलेला मासा झाकणावर आदळतो. भिंतीवर उजेड पाडून बघा.)

हवेची सोय

टँकच्या सगळ्या उपकरणांना लाईट द्यायची गरज नाही. दिवा नको, हीटर नको, मोठा फिल्टरही नको. पाण्याची वरची पातळी हलती ठेवणारे बुडबुडे तेवढे हवेत, आणि त्याला एक-दोन वॅट पुरतात. सगळं नियोजन या एक-दोन वॅटभोवती करा.

यूएसबीवर चालणारा छोटा एअर पंप ५ व्होल्टवर साधारण १ ते १.५ वॅट घेतो. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत ३७ वॅट-तास असतात, पण ३.७ व्होल्टचे ५ करताना आणि बॅटरी जुनी झाल्यामुळे हाताशी २५ च्या आसपास येतात. १ वॅटचा पंप त्यावर दिवसभर चालतो, दीड वॅटचा सोळा-सतरा तास. इथे एक फसगत होते. बऱ्याच पॉवर बँका फारच कमी करंट ओढला गेला की 'फोन चार्ज झाला' असं समजून आपोआप बंद होतात. पंप सुरू करून निवांत झोपलात आणि पाऊण तासात सगळं थांबलं, असं होऊ शकतं. हे वादळाच्या रात्री कळायला नको. आधीच एक पूर्ण रात्र चालवून बघा. बंद पडत असेल तर दुसऱ्या पोर्टला एखादा यूएसबीचा छोटा दिवा लावा. करंट वाढतो आणि बँक जागी राहते.

सेलवर चालणारा पंप मासळी-बाजारवाले आणि गळ टाकणारे वापरतात तोच. त्याला दोन मोठे सेल लागतात, टॉर्चचे जाडे. साध्या सेलपेक्षा अल्कलाइन कितीतरी जास्त टिकतात, आणि इथे काटकसर करण्यात अर्थ नाही. आत लिथियम बॅटरी असलेले एसी-डीसी पंपही मिळतात. ते कायम प्लगमध्ये लावून ठेवायचे, लाईट गेली की आपोआप बॅटरीवर जातात. तुम्ही घरी नसताना लाईट जाण्याची भीती असेल तर हाच घ्या. राउटरसाठी घेतलेला मिनी यूपीएस घरात असेल तर त्याच्या ५ व्होल्टच्या पोर्टवर यूएसबी पंप चालतो. वादळात इंटरनेट असंही नसतं.

आता इन्व्हर्टर. कोकणात घरोघरी १२ व्होल्टची १५० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी असते. १२ × १५० म्हणजे १८०० वॅट-तास, त्यातले सुरक्षितपणे वापरता येण्याजोगे धरा १०००. ५ वॅटचा एअर पंप लावला तर २०० तास चालावा असं वाटतं. चालत नाही. इन्व्हर्टर नुसता चालू राहायलाच १५ ते २० वॅट खातो. म्हणजे ५ वॅटच्या कामासाठी २५ वॅट जातात आणि घरातलं दुसरं काही लावलं नाही तरी ४० तासांत बॅटरी बसते. पंखे लावलेत तर पहिल्या रात्रीच.

म्हणून लांबच्या अंधारासाठी खरा उपाय हा: इन्व्हर्टर बंद करा आणि त्याच बॅटरीवरून सरळ १२ व्होल्ट घ्या. मोटारीत असतो तसा चार्जरचा सॉकेट मगरी-चिमट्यांसकट तयार मिळतो. लाल चिमटा अधिक टोकाला, काळा उणे टोकाला, सॉकेटमध्ये मोटारीचा यूएसबी चार्जर आणि त्याला यूएसबी पंप. सगळे तोटे धरून दोन-अडीच वॅट जातील. १००० वॅट-तास त्या हिशेबाने ४०० तास पुरतात, म्हणजे पंधरवडा सहज. लाल वायरीत ३ अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या टोकाजवळ असलाच पाहिजे. एवढी मोठी बॅटरी शॉर्ट झाली तर वायर क्षणात लाल होऊन वितळते. चिमटे लावताना हातातलं घड्याळ, अंगठी, कडं काढून ठेवा, दोन्ही चिमटे एकाच वेळी हातात धरू नका, आणि बॅटरीची खोली उघडी असू द्या. ज्यांना हे जमणार नाही वाटतं त्यांनी इलेक्ट्रिशियनकडून आधी करून घ्यावं. वादळ संपेपर्यंत तो भेटणार नाही.

इन्व्हर्टर नसेल तर यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी याच जोडणीवर साधारण दिवसभर निघते. कॉम्प्युटरचा यूपीएस तसाच वापरला तर तो स्वतःच इतका खातो की तीन-चार तासांत संपतो, आणि तोवर घरभर किंचाळत राहतो.

पंपाच्या नळीला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घाला. पंप थांबला की नळीतून पाणी उलटं चढतं, पंपात शिरतं आणि लाईट आल्यावर पंप जळतो. पंप टेबलाखाली असेल तर टँकमधलं अर्धं पाणी जमिनीवर येऊ शकतं. व्हॉल्व्हवर बाण असतो, पण स्वस्तातल्यांवर तो पुसट किंवा उलटासुद्धा छापलेला सापडतो. तोंडाने फुंकून बघा: ज्या टोकातून फुंकलं की हवा जाते ते टोक पंपाकडे. व्हॉल्व्ह असला तरी पंप पाण्याच्या पातळीच्या वरच ठेवा, फळीवर किंवा खुंटीला टांगून.

बॅटरीचे पंप अशक्त असतात. दीड-दोन फूट खोल टँकच्या तळाशी दगड (नळीच्या टोकाला लावतात तो सच्छिद्र एअर स्टोन) टाकला तर बुडबुडे जेमतेम येतात. दगड पाण्याखाली आठ-नऊ इंचांवर लटकवा, हवा दुप्पट निघेल. शेवाळलेला जुना दगड वापरू नका. त्याची भोकं बुजलेली असतात.

दगडापेक्षा स्पंज फिल्टर चांगला. पण तो वादळाच्या आदल्या दिवशी आणून उपयोग नाही. स्पंजमध्ये अमोनिया (माशांच्या मलमूत्रातून येणारं विष) पचवणारे जिवाणू बसायला चार-सहा आठवडे लागतात. एप्रिलमध्ये आणा, टँकच्या कोपऱ्यात मुख्य फिल्टरच्या जोडीने चालू ठेवा. लाईट गेली की त्याचीच नळी बॅटरीच्या पंपाला जोडायची. हवाही मिळते आणि चालता फिल्टरही. सगळ्या तयारीत दोनेकशे रुपयांचा हा एक तुकडा सर्वांत जास्त काम करतो.

इशारा आल्यावर

हवामान खातं चक्रीवादळाची पहिली सूचना साधारण ७२ तास आधी देतं, मग ४८ तासांवर इशारा, २४ तासांवर पुन्हा. ७२ तास हातात आहेत तेव्हा टँकचं एक तृतीयांश पाणी बदला आणि खडीतली घाण सायफनने ओढून काढा. तळाला जेवढी घाण कमी तेवढा ऑक्सिजन माशांना. मुख्य फिल्टरचा स्पंज टँकच्याच पाण्यात पिळून घ्या, नळाच्या पाण्यात नाही. अरबी समुद्रातली वादळं बहुतेक मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात. या महिन्यांत नवीन मासे आणून टँक गच्च भरू नये.

४८ तासांवर पाणी साठवा. टँकच्या निम्मं तरी, जमलं तर टँकभर. वादळानंतर ग्रामपंचायत विहिरीत आणि टाक्यांत टीसीएल (क्लोरीनची ब्लीचिंग) पावडर जास्त टाकते, टाकायलाच हवी. पण ते पाणी माशांना विष आहे. पिण्यासाठी ठीक, टँकमध्ये नाही. साठवलेल्या पिंपावर घट्ट झाकण नको, फडकं बांधा. सोबत क्लोरीन मारणारं अँटीक्लोर, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, घरात असू द्या. १० ग्रॅम खडे १०० मिली पाण्यात विरघळवून बाटली भरा. नळाच्या नेहमीच्या पाण्याला १० लिटरमागे २ मिली पुरतं, टीसीएलचा वास येत असेल तर ४ मिली.

२४ तासांवर खाणं बंद. धडधाकट मोठा मासा आठवडाभर उपाशी सहज राहतो. पोटभर खाल्लेला मासा मात्र पचवायला जास्त ऑक्सिजन घेतो आणि वर अमोनिया सोडतो. घरातली लहान मुलं 'बिचारे उपाशी' म्हणून चिमूटभर टाकतात, त्यांना आधी सांगून ठेवा. पिल्लं असतील तर तेवढा अपवाद: त्यांना दिवसातून एकदा, संपेल एवढंच.

टँक ओटीवर किंवा खिडकीखाली असेल तर अडचण आहे. भरलेला ५० लिटरचा टँक काच-खडी धरून ७० किलोच्या घरात जातो. दोघांनी उचलला की तळाची काच तडकते. दोन-तृतीयांश पाणी बादल्यांत काढून, खडीही बरीच काढून मगच हलवा, आणि खाली थर्माकोल घालायला विसरू नका. हलवणं शक्य नसेल तर खिडकीकडच्या बाजूला आणि वर प्लायवूड बांधा. कौलारू घरात वादळात कौल सरकतं आणि ते नेमकं काचेवर येतं.

लाईट गेली

पहिलं काम: टँकची सगळी बटणं बंद. खांब पडल्यावर लाईट दहादा येते-जाते, कधी ११० व्होल्ट कधी २८०, आणि या झटक्यांत मोटारी जळतात. हीटर चालू राहिला आणि तेवढ्यात पाणी खाली गेलं, तर तापलेली काचेची नळी फुटते. सगळं बंद करून बॅटरीचा पंप सुरू करा. सेल किंवा चार्ज मोजकाच असेल तर सलग चालवू नका: दिवसा अर्धा तास चालू, अर्धा तास बंद, रात्री सलग. पहाटे तीन ते सहा ही वेळ वाईट, कारण वनस्पतींनी रात्रभर ऑक्सिजन ओढलेला असतो. तेव्हासाठी चार्ज राखून ठेवा.

लाईट नसलेल्या घरात सगळ्यात आधी काय पेटतं? डास पळवायची कॉइल. तिच्यात पायरेथ्रॉइड जातीचं कीटकनाशक असतं, डासांसारखंच माशांनाही घातक, आणि एअर पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो. बंद खिडक्या, कॉइलचा धूर आणि रात्रभर चालणारा पंप एकत्र आले की सकाळी मासे उलटे. मग दोष ऑक्सिजनला दिला जातो. टँकच्या खोलीत कॉइल, धूप, लिक्विड काही नको, मच्छरदाणी लावा. कोकणातल्या पावसात हे सोपं नाही, तेव्हा निदान कॉइल दुसऱ्या खोलीत आणि मधलं दार बंद. जनरेटर असेल तर तोही घराबाहेर. त्याचा धूर माशांआधी माणसांना मारतो. हाताला मलम लावलं असेल तर तो हात टँकमध्ये घालू नका.

पंप नाहीच, किंवा बिघडला, तर हात आहेत. टँकमधलंच पाणी तांब्याने घ्या आणि फूटभर उंचीवरून भोकांच्या चाळणीतून परत टँकमध्ये ओता. एका जाड धारेपेक्षा वीस बारीक धारा जास्त हवा ओढतात. ५० लिटरला तासाला वीस तांबे. मासे वर येऊन धापा टाकत असतील तर आधी सलग पन्नास. तांब्या आणि चाळण साबण न लागलेली हवी.

रात्रभर जागणं शक्य नसतं, म्हणून बादलीची युक्ती. टँकमधलं १५ लिटर पाणी बादलीत काढा, बादली टँकपेक्षा उंच स्टुलावर ठेवा. एअर पंपाची बारीक नळी सायफनसारखी लावा आणि टोकाला नळीचा छोटा कॉक. धार इतकी बारीक करा की चहाचा एक कप भरायला दोन मिनिटं लागतील. बादली साधारण पावणेचार तास पुरते, आणि टँकची पातळी तेवढी खाली असल्याने थेंब आणखी उंचावरून पडतात. गजर लावून मध्यरात्री एकदा आणि पहाटे एकदा भरायची. नळीचं बादलीतलं टोक तळापासून बोटभर वर बांधा, नाहीतर गाळाने कॉक तुंबतो.

तरीही दाटी जास्त असेल तर मासे वाटून टाका. उथळ आणि पसरट भांडी घ्या: नवं घमेलं, बाळाचा टब, पसरट परात. टँकच्याच पाण्याने सहा इंच भरा आणि वर जाळी बांधा. पृष्ठभाग वाढला की हवा आपसूक जास्त विरघळते. अंडी-पिल्लं खाणारे आणि मारकुटे मासे एका भांड्यात कोंबू नका.

तापमानाची काळजी मे-जूनच्या कोकणात उलटी आहे: पंखा नाही, खिडक्या बंद, पाणी चढतं. झाकणाच्या जागी जाळी ठेवा आणि काचेला बाहेरून ओलं फडकं गुंडाळा. फ्रीजमध्ये आधीच गोठवलेल्या बाटल्या असतील तर एकेक पाण्यावर तरंगू द्या, पण तासाभरात एका अंशापेक्षा जास्त उतरवू नका. हीटर इन्व्हर्टरला लावायचा विचारही नको. १०० वॅटचा हीटर पंपाची पंधरा दिवसांची शिदोरी एका रात्रीत संपवतो.

ऑक्सिजनच्या गोळ्या, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, दुकानात मिळतात. अगदी शेवटची वेळ असेल तरच, पाकिटावरच्या निम्म्या मात्रेत. त्यांनी पाण्याचा पीएच चढतो, आणि पीएच चढला की अमोनियाचं विष तीव्र होतं. २८ अंशांना पीएच ७ असताना अमोनियाचा शंभरातला एक भागसुद्धा विषारी रूपात नसतो, पीएच ८ ला तो साडेसहा भाग होतो. औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड ओतायचा सल्लाही कोणीतरी देतंच. आपल्याकडे ते बहुधा ६ टक्क्यांचं मिळतं आणि सल्ला ३ टक्क्यांच्या हिशेबाने दिलेला असतो. नको.

बंद फिल्टर उघडून ठेवा

कॅनिस्टर फिल्टर म्हणजे झाकणबंद डबा. पाणी फिरायचं थांबलं की आतले जिवाणू डब्यातला ऑक्सिजन तासा-दोन तासांत संपवतात आणि मग मरायला लागतात. अडकलेली विष्ठा आणि खाणं कुजतं. आठ-दहा तासांनी झाकण उघडलं तर सडक्या अंड्याचा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड, आणि सोबत अमोनिया. असा डबा तसाच चालू केला तर हे सगळं थेट टँकमध्ये जातं.

दोन तासांत लाईट आली नाही तर कॅनिस्टरचे कॉक बंद करा, डबा उघडा, आतले सिरॅमिकचे खडे आणि स्पंज जाळीच्या पिशवीत भरा आणि टँकमध्ये बुडबुड्यांच्या वर लटकवा. डब्यातलं पाणी झाडांना घाला. टॉप फिल्टर किंवा मागे टांगायच्या फिल्टरचा स्पंजही तसाच काढून टँकमध्ये सोडा. आतल्या छोट्या पॉवर फिल्टरचा स्पंज आधीच पाण्यात असतो, पण तोही कवचातून बाहेर काढलेला बरा.

दुसरा-तिसरा दिवस

आता काळजी अमोनियाची. टेस्ट किट असेल तर रोज एकदा बघा. लिटरला ०.५ मिलिग्रॅमच्या वर दिसलं की साठवलेल्या पाण्यातलं २५ टक्के बदला. किट नसेल तर दिवसाआड २० टक्के. जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी बहुधा मऊ आणि किंचित आंबट असतं. त्यात अमोनिया कमी डसतो, पण पीएच अचानक कोसळू शकतो, म्हणून एकदम निम्मं पाणी बदलू नका. किनाऱ्याजवळच्या विहिरीत लाटांचं पाणी शिरलं असेल तर आधी चाखून बघा. पावसाचं पाणी चालतं, पण पहिल्या अर्ध्या तासाचं नको: छपराची घाण आणि वाऱ्याने उडालेलं खारं पाणी त्यात असतं. नंतरचं धरा आणि टँकच्या जुन्या पाण्यात थोडं थोडं मिसळा.

झिओलाइटचे खडे मूठभर जाळीत घालून टाकले तर अमोनिया शोषतात. नायट्राइट (जिवाणू अमोनियापासून बनवतात ते दुसरं विष) वाढलं तर लिटरला १ ग्रॅम जाडं मीठ कामाला येतं, ५० लिटरला ५० ग्रॅम, वजन करून आणि आधी विरघळवून. मात्र दोन्ही एकदम नाही. मीठ पडलं की झिओलाइट शोषलेला अमोनिया परत सोडतं. मीठ घालायचं असेल तर आधी खडे बाहेर काढा.

मेलेला मासा लगेच काढा. गोगलगायी असतील तर त्याही हुंगून बघा, मेलेली एक मोठी गोगलगाय टँकचं पाणी दिवसात नासवते. मासे जगणार नाहीत असं वाटून ओढ्यात किंवा नदीत सोडायचा मोह मात्र टाळा, सकर तिथे जगतो आणि गावचे मासे संपवतो.

पाणवनस्पती लावलेल्या टँकला सीओटू (कार्बन डायऑक्साइड) असेल तर सोलेनॉइडवाला (विजेवर उघडणाऱ्या व्हॉल्व्हचा) सिलिंडर लाईटबरोबर आपोआप बंद होतो, पण यीस्ट किंवा सायट्रिक आम्लाची घरगुती बाटली गॅस सोडतच राहते. तिची नळी आधी काढा. खाऱ्या पाण्याचा टँक असेल आणि खाली संप (फिल्टरची टाकी) असेल, तर लाईट जाताच वरचं पाणी संपमध्ये उतरतं. ते मावतं का, हे आजच पंप बंद करून बघून घ्या.

लाईट आल्यावर

पंधरा-वीस मिनिटं थांबा. दिवे एकसारखे जळतायत, लुकलुकत नाहीत हे बघा. मग आधी एअर पंप. फिल्टर लगेच नाही: टँकमध्ये लटकवलेले स्पंज-खडे टँकच्या पाण्याच्या बादलीत हलवून धुवा, डबा आणि नळ्या साध्या पाण्याने स्वच्छ करा, नळ्यांत साचलेलं काळं पाणी टँकबाहेर काढा, मग जोडा. मागे टांगायच्या फिल्टरमध्ये हाताने पाणी भरल्याशिवाय चालू करू नका. आतलं पाणी उतरलेलं असतं आणि मोटर कोरडी फिरून तापते. हीटर सर्वांत शेवटी, तो पूर्ण पाण्यात बुडालेला आहे ना बघून.

फिल्टर उघडायचा राहून गेला असेल आणि वास येत असेल, तर आतला बारीक कापूस फेकून द्या आणि खडे खळखळून धुवा. टँक नवा आहे असं समजून पुढचे आठ-दहा दिवस रोज अमोनिया आणि नायट्राइट तपासा. खाणं दुसऱ्या दिवसापासून, नेहमीच्या एक चतुर्थांश, आठवड्यात हळूहळू पूर्वीइतकं. दिवा पहिले दोन दिवस चार तासच.

आवरताना पंपातले सेल काढून ठेवा. पावसाळाभर आत राहिलेले सेल गळतात, पितळी पट्ट्यांवर हिरवा थर चढतो आणि ऑक्टोबरच्या वादळात पंप हू की चू करत नाही. पट्ट्या काळ्या-हिरव्या झाल्याच असतील तर व्हिनेगर लावलेल्या कापसाने पुसून, वाळवून, पॉलिश पेपरचा एक हात मारा. पॉवर बँक तीन महिन्यांतून एकदा भरा. स्पंज फिल्टर मात्र टँकमधून काढू नका, तो चालूच राहू द्या.